समतोल आणि पाळी : स्त्रीच्या संप्रेरकांविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

१

स्त्रियांसाठी चालविल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक सदरांत, दवाखान्यांतून वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत आणि औषधांच्या जाहिरातींत गेल्या काही दशकांपासून एक शब्दप्रयोग विलक्षण रूढ झाला आहे. ‘हार्मोन्सचे असंतुलन’ हा तो शब्दप्रयोग होय. केस गळणे, चेहऱ्यावर मुरमे येणे, वजन वाढणे, झोप न लागणे, स्वभाव चिडचिडा होणे, पाळी पुढेमागे होणे, अपत्य न होणे इत्यादी परस्परांहून अगदी भिन्न अशा तक्रारींचे कारण म्हणून तो पुढे केला जातो आणि त्यावरील उपाय म्हणून ‘समतोल साधण्या’चा उपदेश केला जातो. ज्या एका शब्दाने सर्वच गोष्टींचा उलगडा होतो, त्याने वस्तुतः कोणत्याही एका गोष्टीचा उलगडा होत नाही, हे तर्कशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. तरीही हा शब्द टिकून आहे आणि वाचकाचे समाधान करीत आहे. त्याचे बळ त्याच्या अर्थापेक्षा त्यात दडलेल्या प्रतिमेत अधिक आहे. ती प्रतिमा तराजूची होय.

अशा लेखनाची गणना साहित्यात होत नाही आणि म्हणून समीक्षकही त्याकडे सहसा वळत नाहीत. वास्तविक कवितेतील प्रतिमेने वाचकाचे मन क्षणभर हलते. आरोग्यविषयक लेखनातील प्रतिमेच्या आधारे मात्र स्त्रिया औषध घेतात, उपवास करतात, शस्त्रक्रियेस संमती देतात. या क्षेत्रात शब्दांची निवड किती महत्त्वाची असते, याची जाणीव मराठीला पूर्वीच झालेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ पर्यंत चालले. शरीराच्या अवयवांना व क्रियांना त्यांच्या नावाने ओळखावे, एवढाच त्यांचा भाषाविषयक आग्रह होता. तेवढ्यासाठी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांपुढील प्रश्न मौनाचा होता. आज मौन बरेचसे ओसरले आहे. परंतु त्याची जागा ज्या शब्दांनी घेतली, ते शब्द कितपत खरे आहेत हा प्रश्न शिल्लक आहे.

२

प्रथम मूळ संज्ञेचा विचार केला पाहिजे. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आतड्याच्या अस्तरातून स्रवणारे व रक्तावाटे स्वादुपिंडास उद्युक्त करणारे सिक्रेटिन हे द्रव्य दाखवून दिले. पुढे १९०५ मधील आपल्या व्याख्यानांत स्टार्लिंग याने अशा द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. ‘चालना देणे, उद्युक्त करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून ती साधलेली आहे. मराठीत तिच्यासाठी रूढ झालेला ‘संप्रेरक’ हा शब्द या दृष्टीने अत्यंत समर्पक ठरतो, कारण त्यात प्रेरणेची, म्हणजे हालचालीची कल्पना कायम आहे. ‘अंतःस्राव’ हा दुसरा शब्द द्रव्य कोठे स्रवते ते सांगतो. ‘संप्रेरक’ हा शब्द ते काय करते ते सांगतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी येथे मुळाशी इमान राखले, असेच म्हटले पाहिजे.

हे समाधान पुढील संज्ञांच्या बाबतीत मात्र टिकत नाही. अंडाशयातून स्रवणाऱ्या प्रमुख संप्रेरकवर्गास ‘ईस्ट्रोजेन’ असे नाव आहे. अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी यांनी १९२३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी त्याचे अस्तित्व दाखविले आणि १९२९ मध्ये डॉइझी व जर्मनीतील बुटेनांट यांनी ते शुद्ध स्वरूपात स्वतंत्रपणे वेगळे केले. या द्रव्याचा परिणाम ओळखण्याची प्रयोगशाळेतील खूण म्हणजे मादी माजावर येणे. त्यावरून, ‘माज उत्पन्न करणारे’ या अर्थी हे नाव पडले. ज्या ग्रीक शब्दापासून ते निघाले त्याचा मूळ अर्थ गुरांना चावून पिसाळविणारी गोमाशी आणि त्यावरून उन्माद असा आहे. मराठी वैज्ञानिक परिभाषेने ‘स्त्रीमदजन’ हा प्रतिशब्द घडवून तो उन्माद जसाच्या तसा उचलला. पुरुषाच्या वृषणातून प्रामुख्याने स्रवणाऱ्या वर्गास मात्र ‘पौरुषजन’ असे भारदस्त नाव मिळाले. एकाच परिभाषेत एकाच्या वाट्याला मद आणि दुसऱ्याच्या वाट्याला पौरुष यावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. दोष मुळातला आहे हे मान्य केले, तरी अनुवादकास निवडीचे स्वातंत्र्य असते. मानवी स्त्रीला गाईप्रमाणे माजाचा काळ नसतो. हा वर्ग तिच्या हाडांची घनता, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, मेंदूतील तापनियमन अशा कितीतरी गोष्टींशी संबद्ध आहे. यांपैकी कशाचाही निर्देश त्या नावात नाही.

शिवाय ही वाटणीही वस्तुस्थितीस धरून नाही. १९३४ मध्ये झोंडेक या शास्त्रज्ञास घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात ईस्ट्रोजेन विपुल प्रमाणात आढळले आणि त्या काळी ते मोठे आश्चर्य मानले गेले. आज हे ज्ञात आहे की स्त्रीच्या शरीरात ईस्ट्रोजेन तयार होते तेच पौरुषजन द्रव्याचे रूपांतर होऊन. आणि निरोगी तरुण स्त्रीच्या रक्तात महिन्यातील बहुतेक दिवस टेस्टोस्टेरोनचे प्रमाण ईस्ट्राडायोलपेक्षा अधिक असते. पुरुषाच्या हाडांनाही ईस्ट्रोजेन लागते. ‘स्त्रीचे संप्रेरक’ आणि ‘पुरुषाचे संप्रेरक’ ही दोन पारडी प्रथम नावांनीच निर्माण केली. तराजूची प्रतिमा त्यांवर पुढे सहज बसली.

३

तराजूच्या प्रतिमेस काहीच आधार नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शरीराच्या अंतर्गत स्थितीचे स्थैर्य ही आधुनिक शरीरक्रियाशास्त्राची मध्यवर्ती कल्पना होय. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅनन याने १९२६ मध्ये तिला ‘होमिओस्टॅसिस’ ही संज्ञा दिली. थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडला की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला अधिक जोराने चालना देते आणि स्राव वाढला की हात आखडता घेते. येथे तोलाची भाषा बऱ्याच अंशी खरी आहे. भारतीय वाचकाच्या मनात तर या भाषेसाठी भूमी आधीच तयार होती. सुश्रुतसंहितेतील स्वस्थ पुरुषाच्या लक्षणात ‘सम’ या पदाला अग्रस्थान आहे आणि दोषांच्या साम्याची कल्पना घरोघरी मुरलेली आहे. तथापि आयुर्वेदातील ‘सम’ म्हणजे स्थिर असा अर्थ नाही, हे विसरले जाते. त्या शास्त्राने ऋतुचर्या व दिनचर्या यांची स्वतंत्र प्रकरणे लिहिली, याचा अर्थच असा की वर्षाच्या, दिवसाच्या आणि वयाच्या गतीबरोबर दोषांचे चय आणि प्रकोप होणार, हे त्याने गृहीत धरले आहे. आजचे आरोग्यसदर आयुर्वेदातून ‘साम्य’ घेते आणि काल वगळते. शरीरक्रियाशास्त्रातून ‘हॉर्मोन’ घेते आणि हालचाल वगळते. दोन्हींकडून शब्द घेऊन दोन्हींकडील अर्थ टाकून देण्याचा हा प्रकार आहे.

स्त्रीच्या प्रजननसंस्थेच्या बाबतीत ही उणीव सर्वांत जाणवते. एका पाळीच्या अवधीत ईस्ट्राडायोलचे रक्तातील प्रमाण आरंभी अल्प असते, बीज सुटण्यापूर्वी ते अनेक पटींनी वाढते, पुन्हा उतरते आणि पुन्हा काहीसे चढते. प्रोजेस्टेरोन पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ नसतेच; बीज सुटल्यावर ते दहापटींहून अधिक वाढते आणि गर्भधारणा न झाल्यास ओसरते. ते ओसरणे हेच पाळी येण्याचे कारण. ज्या दिवशी तपासणी केली त्या दिवसाचा उल्लेख केल्याविना या आकड्यांना अर्थ नाही. तराजूला तारीख लागत नाही. पाळीला तारखेशिवाय अस्तित्वच नाही.

याहून निर्णायक पुरावा प्रयोगशाळेतला आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून एक लहानसे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीकडे जाते आणि तेथून अंडाशयाचे सर्व कार्य चालू होते. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा हा स्रोत नष्ट केला होता अशा माकडिणींना ते द्रव्य बाहेरून दिले. तासातासाने एकेक ठोका याप्रमाणे दिले असता पीयूषिका ग्रंथी पूर्ववत् काम करू लागली. तेच द्रव्य अखंड, एकसारख्या धारेने दिले असता ग्रंथी मंदावली आणि तिचा स्राव खाली गेला. पुढे वैद्यकाने या नियमाचा उपयोग करून, अंडाशयाचे कार्य तात्पुरते थांबवावयाचे असेल तेव्हा याच जातीची औषधे सतत देण्याची पद्धती स्वीकारली. म्हणजे ज्या अचल समतेस सदरलेखक आरोग्य म्हणतात, तीच या संस्थेस बंद पाडण्याची रीत ठरते. येथे आरोग्य प्रमाणात जितके आहे तितकेच ठेक्यात आहे.

४

प्रतिमा चुकली की तिच्यामागून उपचारही चुकीच्या मार्गाने जातो. याचे सुपरिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्कमधील स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा मोठा खप झाला. रजोनिवृत्ती हा एक अभावजन्य रोग आहे व ईस्ट्रोजेन देऊन तो टाळता येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. तराजूच्या तर्कानुसार यात वावगे काही नाही : एक पारडे रिकामे झाले, ते भरावे. आयुष्याच्या एका टप्प्याला ‘उणीव’ हे नाव दिल्याबरोबर तो टप्पा दुरुस्तीस पात्र ठरला. १९७५ मध्ये असे ईस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले. नंतर प्रोजेस्टेरोनसदृश द्रव्याची जोड देण्यात आली. १६,६०८ स्त्रियांचा समावेश असलेली संयुक्त उपचाराची चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण स्तनाच्या कर्करोगाचा धोका ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेला होता. यानंतर लंबक दुसऱ्या टोकास गेला आणि ज्यांना उष्णतेच्या लाटांनी झोप लागत नव्हती अशा स्त्रियांनाही हा उपचार नाकारला गेला. पुढील विश्लेषणाने दाखवून दिले की उपचार सुरू करताना स्त्रीचे वय काय, पाळी थांबून किती वर्षे झाली, यावर लाभहानीचे गणित फार बदलते. म्हणजे प्रश्न अखेर काळाचाच होता, आणि तराजूच्या प्रतिमेत काळालाच जागा नव्हती.

५

या पार्श्वभूमीवर मराठी बोलीकडे वळले असता एक उल्लेखनीय गोष्ट ध्यानात येते. या विषयासाठी बोलीने स्वीकारलेला मुख्य शब्द ‘पाळी’ हा आहे. पाळी म्हणजे क्रमाने येणारी वेळ. कालव्याच्या पाण्याला ‘पाणीपाळी’ म्हणतात, गिरणीतील कामाला ‘दिवसपाळी’ व ‘रात्रपाळी’ म्हणतात आणि स्त्रीच्या या शरीरधर्मालाही ‘पाळी’ म्हणतात. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे : ठरलेल्या अंतराने परत येणे. संस्कृतपरंपरेतील ‘ऋतू’ हा शब्दही असाच आहे. जो शब्द पावसाळा-हिवाळ्यास लागू पडतो, तोच स्त्रीच्या रजःकालास लागू पडतो. ‘ऋतुमती’, ‘ऋतुप्राप्ती’ ही रूपे त्यातूनच आली. ऋतू कधी चार दिवस आधी येतो, कधी लांबतो. त्याला कोणी असंतुलन म्हणत नाही. ‘पाळी पुढेमागे झाली’ हा बायकांच्या तोंडचा साधा वाक्प्रयोग हीच सवलत देतो. २०१८ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २४ ते ३८ दिवसांचे अंतर स्वाभाविक मानले आहे. छापील पत्रकांतील ‘२८ दिवस’ या आकड्यापेक्षा बोलीतील ‘पुढेमागे’ हे या निर्णयाच्या अधिक जवळ आहे.

तथापि बोलीचे हे गुण सांगताना तिचे दोष झाकणे योग्य होणार नाही. पहिल्या पाळीस ‘न्हाण येणे’, ‘पदर येणे’ असे मंगल शब्द वापरणारी हीच भाषा पुढील प्रत्येक पाळीस ‘विटाळ’ म्हणते. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’ असे आडून बोलते. या आडपडद्यामुळे स्त्रीला आपल्या पाळीची तारीख सांगता येते, पण रक्त किती गेले, वेदना कशी होती, हे सांगण्यास शब्द सापडत नाहीत. ‘अंगावर जाते’ एवढ्यावर सगळे वर्णन संपते. बाहेर बसण्याच्या चालीचे समर्थन विश्रांतीच्या नावाने केले जाते. परंतु शिवू न देणे म्हणजे विश्रांती देणे नव्हे, आणि ज्या घरात शेतमजुरीवर चूल पेटते तेथे बाहेर बसलेली स्त्रीही कामावर जातच होती. म्हणून बोलीकडून घ्यावयाचे ते तिचे कालभान. तिची शिवाशिव नव्हे.

६

दैनंदिन जीवनाचा संप्रेरकांवर होणारा परिणाम हा आरोग्यसदरांचा आवडता विषय आहे. त्या उपदेशाची वाक्यरचना तपासण्यासारखी आहे. ‘ताण टाळावा, वेळेवर झोपावे, सकस आहार घ्यावा, नियमित व्यायाम करावा.’ ही सर्व क्रियापदे विध्यर्थी आहेत आणि त्यांचा कर्ता गाळलेला आहे. कर्ता गाळल्यामुळे उपदेश सर्वांना लागू असल्याचा भास होतो. वस्तुतः तो केवळ जिचा वेळ, जिचे अन्न आणि जिची झोप तिच्या स्वतःच्या हाती आहे, अशाच स्त्रीस लागू पडतो. घरातील सर्वांची ताटे झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या स्त्रीला सकस आहाराचा उपदेश करणे म्हणजे क्रियापद एकाला आणि कर्तेपण दुसऱ्याला देणे होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. हा आकडा उपदेशाच्या अभावी निर्माण झालेला नाही.

दैनंदिन परिणाम हे खरेच असतात, आणि म्हणूनच त्यांचा कर्ता नेमका सांगितला पाहिजे. नेपाळमधील तामांग जमातीच्या स्त्रियांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात शेतीचे काम वाढते व साठविलेले धान्य कमी होते, अशा काळात ज्यांचे वजन घटले त्या स्त्रियांच्या लाळेतील प्रोजेस्टेरोनचे प्रमाणही घटलेले आढळले. अंडाशयाने शिधा पाहून आपले काम आवरते घेतले होते. या स्त्रियांच्या संप्रेरकांत बिघाड झाला नव्हता. त्यांचे शरीर कष्ट आणि अन्न यांचा हिशेब अचूक वाचीत होते. तीच गोष्ट रात्रपाळीची. रात्री जागून काम करणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासांत पाळी अनियमित असण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने शरीराची दैनिक लय मोडणारी रात्रपाळी ही संभाव्य कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केली. ‘वेळेवर झोपावे’ या वाक्याचा कर्ता येथे परिचारिका नसून पाळ्यांचा तक्ता लावणारा आहे.

कर्ता योग्य जागी असला की काय घडते, याचे उदाहरण भारतातच आहे. थायरॉइड ग्रंथीस आयोडीन लागते. ते जमिनीत व पाण्यात नसेल तर गलगंड होतो, पाळी बिघडते आणि गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला व गलगंडाचे प्रमाण त्यामुळे घटते हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेथील एकाही स्त्रीला ताण टाळण्यास कोणी सांगितले नाही. तिच्या घरातील मीठ बदलले. संप्रेरकांच्या आरोग्यावरील दैनंदिन परिणामाचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण, आणि त्यात विध्यर्थाचा लवलेश नाही.

७

शब्दाची किंमत सर्वांत जड पडते ती जेथे तो शस्त्रक्रियेपर्यंत नेतो तेथे. या संदर्भात ‘गाठ’ आणि ‘पिशवी’ हे दोन शब्द विचारात घेण्यासारखे आहेत.

१९३५ मध्ये शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी वर्णिलेला, आणि आज ‘पीसीओडी’ वा ‘पीसीओएस’ या आद्याक्षरांनी घराघरांत पोहोचलेला विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या ८ ते १३ टक्के स्त्रियांत आढळतो. मराठीत त्याचे वर्णन ‘अंडाशयात गाठी झाल्या’ असे केले जाते. ‘गाठ’ या शब्दाचा मराठी कानाला होणारा अर्थ कर्करोगाच्या भीतीपासून दूर नाही. वास्तविक त्या गाठी नव्हेतच. ज्यांची वाढ मध्येच थांबली आहे अशी ती बीजपुटके होत, प्रत्येकी काही मिलिमीटर आकाराची. येथेही बिघाड आहे तो क्रमाचा : बीज पिकण्याची पाळी येते आणि पुरी होत नाही. ‘थांबलेली बीजे’ असे म्हटले असते, तर तीच सोनोग्राफी वाचून एखादी मुलगी भयभीत झाली नसती आणि पाळी पुन्हा मार्गी लावण्याचा विचार तिच्या मनात आधी आला असता.

दुसरा शब्द ‘पिशवी’. गर्भाशयाला ग्रामीण व शहरी दोन्ही बोलींत पिशवी म्हणतात. पिशवी ही ठेवण्याची वस्तू. तिच्यात ठेवावयाचे ते ठेवून झाले की ती निरुपयोगी होते. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली’, ‘पिशवी काढून टाकली’ ही वाक्ये एकापाठोपाठ इतक्या सहजपणे येतात की त्यांतील शेवटचे वाक्य निर्णय आहे, हे लक्षातच येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत काय घडले, हे २०१९ मध्ये राज्यापुढे आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ते सुमारे ३ टक्के आहे. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते, आणि कामाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात ना आडोसा, ना पाणी. अशा स्थितीत महिन्याचे चार दिवस ही खरोखरच आर्थिक अडचण ठरते, आणि ‘पिशवी’ हा शब्द त्या अडचणीवरचा उपाय आधीच सुचवून ठेवतो.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात दुहेरी चूक आहे. पाळीचा ठेका मेंदू आणि अंडाशय मिळून धरतात. गर्भाशय त्या ठेक्यास प्रतिसाद देते. ते काढल्याने रक्तस्राव थांबतो, पण संप्रेरकांच्या ज्या बिघाडाकडे बोट दाखविले गेले तो तसाच राहतो. अंडाशयेही सोबत काढली तर तिशीतल्या स्त्रीचे ईस्ट्रोजेन एकाएकी नाहीसे होते आणि हाडांची झीज व हृदयविकार यांचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती सरासरीने लवकर येते. चाळिशीच्या आत पाठ आणि गुडघे धरलेल्या त्या स्त्रीला पुढल्या हंगामात पुन्हा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढावयाचे असते. ‘असंतुलन’ या शब्दाने तिच्या दुखण्याचे कारण तिच्या शरीरात शोधले, ‘पिशवी’ या शब्दाने ते शरीरातील एका जागी आणून ठेवले, आणि फड, खाडा व उचल या गोष्टी वर्णनातूनच वगळल्या गेल्या. शब्दांनीच हे सर्व घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; दारिद्र्य, वैद्यकीय व्यवसायातील लोभ आणि कर्करोगाची भीती ही कारणे उघड आहेत. परंतु त्या कारणांना निर्वेधपणे काम करता आले ते अशा शब्दांच्या आडोशाने, हे नाकारता येणार नाही.

८

या विवेचनातून निष्पन्न होणाऱ्या गोष्टी थोडक्यात अशा सांगता येतील. ‘हॉर्मोन’साठी ‘संप्रेरक’ हा शब्द स्वीकारणाऱ्या मराठीने त्यातील गतीची कल्पना पुढील लेखनात टिकविली नाही. तिच्यावर तराजूची प्रतिमा बसविली. ती प्रतिमा थायरॉइडसारख्या काही ग्रंथींच्या बाबतीत उपयुक्त असली, तरी स्त्रीच्या प्रजननसंस्थेच्या बाबतीत दिशाभूल करणारी आहे. त्याउलट ‘पाळी’ व ‘ऋतू’ हे शब्द, त्यांना चिकटलेला विटाळ झटकून टाकल्यास, आजच्या शास्त्राच्या अधिक निकट आहेत. पाळी म्हटले की केव्हा, किती दिवसांनी, कोणत्या वयात, कोणत्या हंगामात, कोणत्या कामाच्या काळात हे प्रश्न आपोआप येतात. समतोल म्हटले की किती कमी आणि किती जास्त एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर विक्रेत्याजवळ तयार असते.

परिभाषाकोशाच्या पुढील आवृत्तीत ‘स्त्रीमदजन’ यासारख्या शब्दांचा पुनर्विचार होणे अगत्याचे आहे. त्याहूनही निकडीचे काम शब्दसंग्रहाचे आहे. रक्तस्राव, वेदना, थकवा, पाळी जाण्याच्या काळातील उष्णता यांसाठी कोकण, देश, वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा येथील स्त्रिया परस्परांत जे शब्द वापरतात, ते वैद्यकीय तपासणीच्या टेबलापर्यंत येता येता गळून पडतात आणि ‘अंगावर जाते’ एवढेच शिल्लक राहते. हे शब्द भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी गोळा करावेत. त्यांचा उपयोग प्रथम दवाखान्यातील टिपणवहीत व्हावा, कोशात त्यानंतर. त्या टिपणवहीत वयाच्या व वजनाच्या रकान्यांशेजारी कामाच्या पाळीचा आणि जेवणाच्या वेळेचा रकाना असला, तर या चिकित्सेचे प्रयोजन पुष्कळ अंशी साध्य होईल.